गाडीला अलार्म बसवताना सेंट्रल लॉकचं वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायरन वाजतो, इंडिकेटर लुकलुकतात, पण दारं जागची हलत नाहीत. किंवा लॉक होतात आणि लगेच उघडतात. अलार्मच्या कामात सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग हाच. अलार्मचा डबा बदलून हा दोष सहसा जात नाही, कारण दोष डब्यात नसतोच. तो असतो गाडीचं लॉक कसं चालतं हे न मोजता मारलेल्या जॉइंटमध्ये. माझं काम कोकणातलं, त्यामुळे पावसाचा विषय मधून मधून येईल. खालचे प्रश्न गिऱ्हाइकांनी, शिकाऊ पोरांनी आणि सुट्टीच्या दिवशी घरीच पाना-पक्कड घेऊन बसणाऱ्यांनी विचारलेले आहेत. सगळी उत्तरं १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहेत.

माझ्या गाडीत कोणत्या प्रकारचं सेंट्रल लॉक आहे, हे कसं ओळखू?

इथे अर्धा तास घालवा, पुढचे दोन दिवस वाचतील.

मारुती ८०० किंवा जुन्या आल्टोच्या बेस मॉडेलसारख्या ज्या गाड्यांना कंपनीचं सेंट्रल लॉक नाही, तिथे प्रश्न सोपा आहे. बाजारातलं चार मोटरचं किट बसवायचं आणि अलार्म त्याच्या डब्याला जोडायचा. कंपनीचं लॉक असलेल्या गाडीत मात्र आधी मोजावं लागतं. ड्रायव्हरच्या पायाजवळचं प्लॅस्टिक काढा. दारातून रबराच्या बुटातून आत येणारा वायरचा जुडगा तिथे सापडतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळं टोक बॉडीच्या उघड्या लोखंडाला, लाल टोक तपासायच्या वायरला. दुसऱ्या माणसाला दाराचं लॉक बटण दाबायला सांगा.

वायरवर आधी १२ किंवा ५ व्होल्ट दिसत होते आणि बटण दाबताच शून्य झाले, तर ती मायनस ट्रिगरची गाडी. बटण दाबलं की ती वायर अर्थ होते आणि आतला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पुढचं काम करतो. आपल्याकडे हाच प्रकार जास्त भेटतो. वायर लोंबकळती असेल तर दोन्ही वेळा शून्यच दिसतं. अशा वेळी मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं टोक वायरला लावा. दाबल्यावर १२ आले की झालं.

आधी शून्य आणि दाबल्यावर १२ व्होल्ट आले, तर दोन शक्यता उरतात आणि घोटाळा इथेच होतो. एक म्हणजे प्लस ट्रिगर, ज्यात बटण रिलेला अर्थऐवजी प्लस देतं. दुसरी म्हणजे उलटसुलट पोलॅरिटी, जिला आम्ही पाच वायरचं लॉक म्हणतो. पाच वायरच्या लॉकमध्ये बटणातूनच मोटरचा सगळा करंट जातो. मोटरच्या दोन्ही वायर विश्रांतीत बटणामार्फत अर्थला टेकलेल्या असतात. लॉक दाबलं की एका वायरवर प्लस येतो, अनलॉक दाबलं की दुसरीवर. मीटरवर हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. जुन्या साध्या गाडीत फरक ओळखायला पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब घ्या. त्याचं एक टोक फ्यूजमधून प्लसला द्या, दुसरं त्या वायरला टेकवा. बल्ब लख्ख पेटला तर वायर पक्की अर्थला आहे, म्हणजे पाच वायरचा प्रकार. बल्ब न पेटता आतला रिले टक्‌ वाजला आणि दारं हलली, तर प्लस ट्रिगर. ही बल्बची परीक्षा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असलेल्या गाडीत अजिबात करू नका.

बटणाच्या मागेही एकदा डोकवा. तीन बारीक वायर असतील तर ट्रिगर. पाच जाड वायर असतील तर तिथूनच मोटर चालते.

लॉक दाबल्यावर एक व्होल्टेज आणि अनलॉक दाबल्यावर दुसरंच, आणि दोन्ही एकाच वायरवर? मग बटणात रेझिस्टर आहेत. थेट अर्थ केल्यास एकच क्रिया होते, दुसरीसाठी योग्य किमतीचा रेझिस्टर मध्ये घालावा लागतो. तो बटणाचा कपलर (वायर जोडायचा प्लॅस्टिकचा सांधा) सोडवून, बटण दाबून मीटरच्या ओहमवर मोजायचा.

रंग बघून जोडलं तर चालणार नाही का?

नाही. गाडीच्या वायरचे रंग मॉडेलनुसार आणि वर्षानुसार बदलतात. अलार्मच्या किटच्या वायरचे रंगही किटनुसार बदलतात. पिवळी, पांढरी, नारिंगी आणि त्यांच्याच काळ्या पट्ट्यांच्या बहिणी अशा सहा वायर खूप किटमध्ये असतात, लॉकच्या रिलेच्या तीन आणि अनलॉकच्या रिलेच्या तीन. प्रत्येक तिकडीत एक कॉमन, एक रिले शांत असताना तिला जोडलेली (नॉर्मली क्लोज्ड) आणि एक रिले ओढल्यावर जोडली जाणारी (नॉर्मली ओपन). पण कॉमन कोणती, हे एका किटमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरं निघतं.

ओळखायची खात्रीची रीत अशी. किटला करंट देऊ नका. मीटर बझरवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवा आणि एका बाजूच्या तीन वायर दोन-दोन करून तपासा. ज्या जोडीत बझर वाजतो त्या कॉमन आणि नॉर्मली क्लोज्ड, उरलेली नॉर्मली ओपन. आता किटला करंट द्या आणि रिमोट दाबा. त्या क्षणाला उरलेल्या वायरशी जिचा बझर वाजतो ती कॉमन. पल्स, म्हणजे रिले ओढलेला राहण्याचा क्षण, अर्ध्या ते एक सेकंदाचा असतो, म्हणून मीटर आधी लावून मगच बटण दाबा. सहाही वायरना कागदाच्या चिकटपट्टीने नावं द्या.

मग या सहा वायर कुठे कुठे जातात?

मायनस ट्रिगरच्या गाडीत दोन्ही नॉर्मली ओपन वायर अर्थला, कॉमन वायर गाडीच्या लॉक आणि अनलॉक वायरला. नॉर्मली क्लोज्ड वायरची टोकं कापून, टेप लावून बांधून ठेवायची. ती उघडी राहिली तर आज ना उद्या कशाला तरी टेकते.

प्लस ट्रिगरच्या गाडीत सगळं तसंच, फक्त नॉर्मली ओपन वायर अर्थऐवजी फ्यूज घातलेल्या प्लसला.

पाच वायरच्या गाडीत मूळ वायर कापावी लागते, त्याला इलाज नाही. लॉकची वायर बटण आणि मोटर यांच्यामध्ये कापा. मोटरकडचं टोक कॉमनला, बटणाकडचं टोक नॉर्मली क्लोज्डला, नॉर्मली ओपन १५ किंवा २० अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला. अनलॉकच्या वायरलाही असंच. रिमोट शांत असताना मोटरला बटणामार्फत अर्थ मिळतो आणि रिमोट दाबला की रिलेतून प्लस मिळतो. एकदा हे कागदावर काढून बघितलं की डोक्यात बसतं. माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी हे चित्र आधी हाताने काढायला लावतो, पक्कड नंतर देतो.

वेगळा कंट्रोल डबा नसून अलार्मच्या किटनेच नव्या दोन वायरच्या मोटर फिरवायच्या असतील, तर कॉमन वायर मोटरच्या दोन वायरना, नॉर्मली क्लोज्ड दोन्ही अर्थला, नॉर्मली ओपन दोन्ही फ्यूजमधून प्लसला.

रिमोट दाबला की फ्यूज उडतो. बटणाने मात्र दारं व्यवस्थित चालतात.

ही पाच वायरची गाडी आहे आणि वायर न कापता कुणीतरी तिला प्लस टोचला आहे. बटणामार्फत ती वायर आधीच अर्थला होती, त्यामुळे रिलेचा प्लस सरळ अर्थला जाऊन मिळाला. मोठा फ्यूज घालून हा प्रश्न सुटत नाही, मग वायरच जळते. वर सांगितल्याप्रमाणे कापून जोडा.

वायर कापलेली असूनही फ्यूज जात असेल तर कॉमन आणि नॉर्मली ओपन यांची अदलाबदल झाली आहे का ते बघा. त्यातही काही नसेल तर दाराच्या आत काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत वायर चेपली गेली आहे का ते तपासा. काच पूर्ण खाली असतानाच फ्यूज उडतो आणि वर असताना उडत नाही, असं आढळलं तर दुसरीकडे शोधायचं कारण नाही.

लॉक होतं आणि लगेच आपोआप उघडतं. डबा खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. बाजारच्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दारातली मोटर पाच वायरची असते (वरच्या पाच वायरच्या लॉकशी तिचा संबंध नाही) आणि बाकीच्या दोन वायरच्या. साधारणपणे निळी आणि हिरवी या मोटरच्या, तर पांढरी, तपकिरी आणि काळी या तिच्या आतल्या स्विचच्या. ड्रायव्हरचा खटका वर आहे की खाली, हे डब्याला हा स्विच सांगतो. मोटरची सळई नीट जुळवलेली नसेल तर दार लॉक होतं खरं, पण मोटरचा दांडा पूर्ण टोकाला पोचत नाही. स्विच म्हणतो, दार उघडं आहे. डबा त्याचं ऐकतो आणि सगळी दारं पुन्हा उघडतो.

याची परीक्षा दोन मिनिटांची. पांढरी आणि तपकिरी वायर डब्यापासून सोडवा आणि रिमोट दाबा. आता दारं लॉक होऊन तशीच राहिली, तर वायरिंग आणि डबा ठीक आहेत, सळई जुळवायची आहे. मोटरचा दांडा मधल्या जागी ठेवा, दाराचा खटकाही मधल्या जागी ठेवा आणि मग सळईचा स्क्रू आवळा. दोन्ही टोकांना थोडीशी मोकळीक राहिली पाहिजे. मोटर सळईच्या रेषेतच बसवा. तिरकी बसवलेली मोटर पहिले काही महिने चालते, मग अडते.

तरीही उघडत असेल तर तीन गोष्टी बघा. बॅटरी उतरलेली असेल तर चारही मोटर एकदम ओढल्यावर व्होल्टेज पडतं आणि डबा स्वतःला पुन्हा सुरू करतो. गाडीच्या मूळ मॉड्यूलला एखादं दार उघडं वाटत असेल किंवा किल्ली इग्निशनमध्ये दिसत असेल, तर ते मुद्दाम लॉक नाकारतं. आणि अलार्मच्या लॉक-अनलॉक वायर एकमेकींना कुठे टेकल्या असतील, तर एका बटणाने दोन्ही आज्ञा जातात.

लॉक दाबलं की उघडतं आणि अनलॉक दाबलं की बंद होतं.

सगळी दारं उलटी असतील तर अलार्मकडच्या दोन वायरची अदलाबदल करा. एकच दार उलटं असेल तर फक्त त्या दाराच्या मोटरची निळी-हिरवी बदला. डब्यापाशी काही हलवू नका.

एकच दार चालत नाही. मीटरवर तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात!

मीटर खोटं बोलत नाही, पण ते करंट ओढत नाही म्हणून इथे फसवतं. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी बुटात वायर रोज वाकते. वर्षानुवर्षं दार उघडून-मिटून आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात आणि वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. एखादाच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतं. मोटर करंट मागायला लागली की तो धागा काही देऊ शकत नाही.

म्हणून मोटरच्या कपलरवर मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. रिमोट दाबल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटला तर वायर चांगली आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर बुटातली वायर तुटलेली आहे. दार हळूहळू उघड-मिट करत हीच परीक्षा करा. कुठल्या कोनात प्रकाश जातो ते दिसतं.

चिपळूणकडची एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात दोन डबे आणि एक मोटर बदलून झालेली होती. मालकीणबाई शाळेत शिक्षिका. रोज मागचं डावं दार हाताने लॉक करून त्या कंटाळल्या होत्या. बुटाचं रबर मागे सरकवलं आणि हिरवी वायर हलकेच ओढली, तर ती हातातच आली. वीतभर वायर आणि दोन जॉइंट, एवढंच काम होतं. त्यांचे आधी गेलेले पैसे आठवले की मला आजही वाईट वाटतं. कुणी बल्ब लावून बघितला असता तर ते वाचले असते.

दुरुस्त करताना जॉइंट बुटाच्या आत मारू नका. तो पुन्हा तिथेच तुटेल. वायर जरा लांब घेऊन एक जॉइंट दारात आणि दुसरा गाडीच्या आत मारा. मधला वाकणारा भाग अखंड हवा, आणि वायर बारीक धाग्यांची, लवचीक हवी.

मोटर हळू चालतात, अर्ध्यावरच थांबतात.

आधी सळई सोडवून खटका हाताने वर-खाली करून बघा. हाताला जड लागला तर दोष विजेचा नाही. कुलपाच्या यंत्रणेतलं ग्रीस वाळलेलं असतं आणि त्यावर लाल माती बसलेली असते. साफ करून पांढरं लिथियम ग्रीस लावा.

खटका हलका असेल तर मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघा. थेट चालते पण गाडीच्या वायरिंगवर चालत नाही, म्हणजे व्होल्टेज वाटेत कुठेतरी गळतंय. मोटर चालू असताना तिच्या दोन टोकांवर मोजा. बॅटरीवर १२.४ आणि मोटरवर ९ असेल तर उरलेले ३.४ व्होल्ट कुठल्या तरी जॉइंटमध्ये किंवा अर्थमध्ये जातायत. एका मोटरचा रोध ३ ओहम धरला तर ती ४ अँपिअर मागते, चार मोटर मिळून १६. एवढा करंट रंग न खरवडता बॉडीच्या स्क्रूला आवळलेल्या अर्थमधून जात नाही. अर्थचा लग (वायरच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) नेहमी खरवडलेल्या लोखंडावर लावा आणि वर थोडं ग्रीस थापा, म्हणजे गंज धरत नाही.

उन्हाळ्यात सगळं ठीक होतं. पाऊस सुरू झाला आणि लॉक बिघडलं.

बहुधा अलार्म बसवताना डोअर पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा कागद फाडला गेला आहे. तो कागद शोभेचा नसतो. काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी उतरतंच, खालच्या भोकांतून ते बाहेर जातं. ते पाणी आतल्या बाजूला, पॅडवर आणि कपलरवर येऊ नये म्हणून तो कागद काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. घाईत तो ओरबाडून काढतात आणि परत लावत नाहीत. जून-जुलैत पॅड फुगतं, कपलरच्या पिना हिरव्या पडतात.

कागद फाटलेलाच असेल तर जाड प्लॅस्टिक कापून ब्युटाइल टेपने लावा. दारातली वायर कपलरपाशी खालून वर येईल अशी वळवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळणाच्या तळाशी टपकून जातं आणि कपलरमध्ये शिरत नाही. दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. हिरव्या पडलेल्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. पोखरून बारीक झालेल्या असतील तर बदला.

अलार्मला लॉकच्या दोन बारीकच वायर आहेत. त्या थेट मोटरला जोडू का?

नको. त्या मायनस आउटपुटच्या वायर आहेत आणि आत बारीक ट्रान्झिस्टर असतो. त्याची ताकद बहुधा २०० ते ५०० मिलिअँपिअर. मोटरला लागतात त्याच्या कितीतरी पट. एका दाबात ट्रान्झिस्टर जातो आणि मग अलार्म लॉकची आज्ञा देत असूनही वायरवर काही येत नाही.

मध्ये पाच पिनांचे दोन रिले घाला. ३० हा कॉमन, ८७ नॉर्मली ओपन, ८७ए नॉर्मली क्लोज्ड, ८५ आणि ८६ कॉइल. कॉइलचं एक टोक फ्यूजमधून प्लसला, दुसरं अलार्मच्या बारीक वायरला. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) लावा, त्याची पांढरी पट्टी प्लसच्या बाजूला. रिले सुटताना कॉइल उलट झटका देते, तो हा डायोड पचवतो. पट्टी उलटी लागली तर मात्र डायोडच शॉर्ट होतो, म्हणून दोनदा बघा.

माझी गाडी नवी आहे, बीसीएमवाली. वरचं सगळं लागू होतं का?

अर्धंच. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. नव्या गाड्यांत बटणाची वायर या मॉड्यूलकडे जाते, आणि काही गाड्यांत दाराचं बटण आज्ञा विजेच्या साध्या पल्सने न देता डेटा लाइनवरून पाठवतं. एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन वायर दिसल्या आणि दोन्हींवर अडीच व्होल्टच्या आसपास आकडा थरथरताना दिसला, तर ती डेटा लाइन, म्हणजे कॅन बस, समजा आणि हात मागे घ्या. त्यावर १२ व्होल्ट गेले किंवा टेस्ट लॅम्प टेकला, तर लॉकचं तर सोडाच, गाडी सुरू होण्याचंही अवघड होतं.

अशा गाडीत दोन वाटा आहेत. गाडीच्या मूळ रिमोटनेच दारं चालू द्यायची आणि अलार्मला फक्त सायरन व सेन्सरचं काम द्यायचं. असे अलार्म मूळ लॉकच्या मोटर वायरवरचा पल्स किंवा इंडिकेटरची लुकलुक ओळखून चालू-बंद होतात. दुसरी वाट म्हणजे त्या मॉडेलसाठीच बनवलेला कॅन इंटरफेस. वायर कापून युनिव्हर्सल किट घुसवायची तिसरी वाट मी कुणालाही सांगणार नाही. बीसीएमची किंमत अलार्मच्या कितीतरी पट असते.

टेस्ट लॅम्प वापरू की मीटर?

वायर ओळखायला मीटर, ओळखलेली वायर ताकदीची आहे का हे बघायला बल्ब. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायर एअरबॅगच्या असतात. त्यांना दोन्हींपैकी काहीच लावायचं नाही. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी केबललाही तसंच.

दारं लॉक होतात, पण थोड्या वेळाने अलार्म आपोआप वाजतो.

दाराच्या पिन स्विचची (दार उघडं की बंद हे सांगणाऱ्या स्विचची) वायर बघा. रूफ लाइट दार मिटल्यावर हळूहळू विझत असेल, तर अलार्मला ते विझेपर्यंत दार उघडंच वाटतं. अलार्मची ट्रिगर वायर दिव्याकडून न घेता थेट पिन स्विचवरून घ्या, किंवा अलार्मच्या सेटिंगमध्ये उशीर वाढवा. डिकी आणि बॉनेटचे स्विच एकाच वायरवर आणायचे असतील तर प्रत्येकाला वेगळा डायोड द्या, नाहीतर बॉनेट उघडल्यावर रूफ लाइट लागतो. मधल्या काळात शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून शॉक सेन्सरही एक-दोन खाच कमी करा.

अलार्म बसवल्यापासून दर तीन दिवसांनी बॅटरी बसते.

बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा आणि मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून त्या मार्गात घाला. दारं बंद, अलार्म चालू, अर्धा तास थांबा. नव्या गाड्यांची मॉड्यूल्स झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. ३०० दिसत असतील तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याहून खाली येते, सेल्फ उचलणार कसा?

आता अलार्मचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर चूक अलार्मच्या जोडणीत आहे. बऱ्याचदा एखाद्या रिलेची कॉइल सतत ओढलेली सापडते. हात लावून बघा, जो रिले कोमट लागतो तोच.

जॉइंट कसे मारावेत?

वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत सहज दगा देतो. टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते. सोल्डर करून श्रिंक नळी चढवा, आणि जिथे वायर हलते तिथे सोल्डरऐवजी चांगल्या पकडीने दाबलेला लग वापरा, कारण सोल्डर संपतो त्या रेषेवर वायर कडक होऊन मोडते. वायरचं साल न काढता मध्येच चावणारे निळे-लाल क्लिप कनेक्टर मी वापरत नाही. आमच्याकडच्या दमट हवेत त्यात गंज धरतो.

किल्ली आत राहून किंवा मूल आत असताना गाडी आपोआप लॉक होऊ शकते का?

होऊ शकते, आणि या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

अनेक अलार्ममध्ये रिमोटने उघडल्यावर ठरावीक सेकंदांत एकही दार उघडलं नाही तर गाडी पुन्हा लॉक होते. दाराच्या पिन स्विचची वायर जोडलेली नसेल, तर तुम्ही दार उघडून पिशव्या काढत असतानाही अलार्मला ते कळत नाही. दार मिटतं, किल्ली सीटवर असते, मूल आत असतं आणि लॉक पडतं. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. म्हणून पिन स्विच चारही दारांना जोडलाच पाहिजे. काही कारणाने जोडता येत नसेल तर आपोआप लॉक होण्याची सोय सेटिंगमधून बंद करा.

दुसरं, आतला खटका हाताने वर केला की दार उघडलंच पाहिजे, मग मोटर कोणत्याही अवस्थेत असो. सळई इतकी घट्ट जोडलेली गाडी मी पाहिली आहे की खटका हाताने हलेना. बॅटरी तुटलेल्या अवस्थेत, अपघातात किंवा पाण्यात, ते दार आतून कसं उघडणार? आणि तिसरं, ड्रायव्हरच्या दाराचं किल्लीचं कुलूप बंद करू नका. रिमोटचा सेल संपला तर तेवढाच रस्ता उरतो.

वॉरंटी आणि विम्याचं काय?

कंपनीच्या हार्नेसची (मूळ वायरच्या जुडग्याची) वायर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर प्रश्न येऊ शकतो, म्हणून वॉरंटीतल्या गाडीत आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. विम्याबद्दल सांगायचं तर इंडिया मोटर टॅरिफमध्ये पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी उपकरणासाठी ओन डॅमेज (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत ठेवलेली आहे. त्यासाठी बसवल्याचं प्रमाणपत्र लागतं. उपकरण घेण्याआधीच विमा कंपनीकडून कागदपत्रांची यादी घ्या.

काम झालं. गाडी ताब्यात घेताना काय तपासू?

ड्रायव्हरची काच पूर्ण खाली ठेवा आणि लॉक तपासताना ती वर घेऊ नका. रिमोटने वीस वेळा लॉक-अनलॉक करा. मग बटणाने, मग किल्लीने, मग आतल्या खटक्याने. प्रत्येक दार आतून हाताने उघडून बघा. इंजिन चालू असताना आणि बंद असताना दोन्ही वेळा. काचा पूर्ण वर-खाली करा, म्हणजे वायर कुठे घासत असेल तर ऐकू येईल; मग ड्रायव्हरची काच परत खाली घ्या. बॅटरीचं टर्मिनल काढून किल्लीने दार उघडतंय ना ते बघा.

शेवटी कारागिराकडून एक कागद मागून घ्या. कोणती वायर कुठे जोडली, कोणती कापली, फ्यूज कुठे लपवला आणि किती अँपिअरचा आहे, हे त्यावर लिहिलेलं असावं. माझ्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला असतो.